चितार आळीचे ग्राहक : सावंतवाडीची गंजिफा आणि लाकडी फळे

१/
सावंतवाडीच्या बाजारात चितार आळी नावाचा एक लहानसा रस्ता आहे. तेथील दुकानांच्या दारात आंबे, केळी, वांगी, काजूची बोंडे टोपल्यांतून मांडलेली दिसतात. हातात घेतल्यावर कळते की ही फळे लाकडाची आहेत. याच गावात एके काळी १२० गोल पानांचा एक खेळ रंगवला जात असे. तो खेळ खेळणारे जवळजवळ संपले. फळे मात्र खपत राहिली. ज्या हातांनी दोन्ही घडवले, त्या हातांचा आणि त्यांच्या बदलत्या ग्राहकांचा हा इतिहास आहे.

२/
आळीला नाव मिळाले ते चितारी समाजावरून. चितारी म्हणजे रंगकाम व चित्रकाम करणारा कारागीर. लाकूड घडवणे, त्यावर अस्तर देणे, रंग भरणे आणि शेवटी लाखेचा लेप चढवणे ही त्याची परंपरागत विद्या. दक्षिण कोकण आणि गोवा या दोन्ही प्रदेशांत हा समाज आढळतो. गोव्यातील कुंकळ्ळीचे चितारीही लाखकामासाठी प्रसिद्ध आहेत. पाळणा, पाट, चौरंग अशा घरोघरी लागणाऱ्या वस्तूंवर या समाजाचा संसार चाले. गंजिफा हे त्याच विद्येचे सर्वांत नाजूक रूप होते.

३/
या कलेला गावाचे स्थानही अनुकूल ठरले. सावंतवाडीचे जुने नाव सुंदरवाडी. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात भोसले घराण्याचे हे संस्थान वसले होते. पश्चिमेला वेंगुर्ल्याचे बंदर, दक्षिणेला गोवा आणि पूर्वेला आंबोलीच्या घाटावाटे बेळगावकडे जाणारा मार्ग. म्हणजे गाव लहान असले तरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेवर होते. जंगलामुळे लाकूड जवळ, दरबारामुळे आश्रय जवळ आणि वाटेमुळे परका ग्राहकही जवळ, असा तिहेरी योग येथे जुळून आला.

४/
आता गंजिफाकडे वळावे. हा शब्द फारसीतून आला आणि खेळही इराणकडून भारतात आला. त्याचा भारतातील ठळक जुना उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफाची पाने पाठवली, कारण शाह हसनला हा खेळ आवडत असे आणि त्याने पाने मागितली होती. भारतातील गंजिफाच्या इतिहासाच्या अगदी आरंभी अशी ‘मागणी’ नोंदलेली आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पाने घडवणारा कोण होता, याची मात्र नोंद नाही.

५/
अकबराच्या काळात अबुल फजलने ‘आइन-इ-अकबरी’मध्ये या खेळाचे सविस्तर वर्णन केले. पुढे सर्वत्र रूढ झालेल्या मोगल गंजिफात ८ रंग आणि प्रत्येक रंगात १२ पाने, अशी ९६ पाने असत. रंगांची नावे दरबारी जगातून घेतलेली होती: ताज, शमशेर, गुलाम इत्यादी. राज्यकारभाराची ही जणू छोटी प्रतिकृतीच होती. बादशहा, त्याचा वजीर आणि त्यांच्याखाली १ ते १० अशी उतरंड प्रत्येक रंगात असे.

६/
हाच साचा हिंदू परंपरेत आला तेव्हा खजिना व तलवारी यांच्या जागी विष्णूचे अवतार आले. दशावतारी गंजिफात १० रंग, प्रत्येकात १२ पाने, एकूण १२०. मत्स्यावताराच्या रंगावर मासे, कूर्माच्या रंगावर कासवे, परशुरामाच्या रंगावर परशू. प्रत्येक रंगाचा राजा म्हणजे प्रत्यक्ष तो अवतार आणि त्याच्याखाली प्रधान. पत्त्यांच्या खेळाला धर्मनिष्ठ घरांत जी नापसंती असे, ती येथे काहीशी सौम्य झाली. खेळताना देवाचे नाव तरी मुखी येते, असे समर्थन परंपरेने करून ठेवले आहे.

७/
सावंतवाडीत हा खेळ कसा आला याविषयी एक परंपरा सांगितली जाते. तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीत (१७५५–१८०३) धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी तेलंगणातून विद्वान येत. त्यांच्याबरोबर गंजिफाही दरबारात आली. महाराजांना ती आवडली आणि स्थानिक चितार्‍यांना तशी पाने घडवण्यास सांगण्यात आले. कथेतील तपशील कसाही असो, तिची दिशा महत्त्वाची आहे. कारागिरांजवळ लाखेची विद्या आधीपासून होती. दरबाराने नवी वस्तू मागितली आणि जुन्या विद्येतून ती घडली.

८/
खेळ तिघांचा. प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने. हुकूम नसतो. दिवसा खेळ असेल तर रामाच्या राजाचे पान ज्याच्याकडे, तो आरंभ करी; रात्री असेल तर कृष्णाचे पान ज्याच्याकडे, तो. अर्ध्या रंगांत दश्शी सर्वांत मोठी, तर उरलेल्या अर्ध्यांत क्रम उलटा होऊन एक्का मोठा. कोणती पाने पडून गेली हे स्मरणात ठेवणारा जिंके. १२० पाने ध्यानात ठेवण्याचा हा खेळ निवांत दुपारींचा होता. ज्या समाजात अशा दुपारी होत्या, तेथेच तो टिकला.

९/
एक पान घडवायला काय लागे? कापड किंवा कागद यांचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे. त्यावर पांढऱ्या खडूचे अस्तर द्यायचे. वाळल्यावर दगडाने घासून गुळगुळीत करायचे. मग गोल कापायचे, पार्श्वभूमीचा रंग भरायचा, बारीक कुंचल्याने आकृती काढायची आणि शेवटी लाखेचा लेप द्यायचा. पाठीमागची बाजू १२० पानांत अगदी एकसारखी हवी, नाहीतर पान ओळखता येई. हे सारे १२० वेळा. शेवटी संच ठेवायला लाकडी पेटी, तीही रंगवलेली.

१०/
येथे इतिहासाच्या अभ्यासकांनी थांबून पाहावे असा एक तपशील येतो. भारतभर गंजिफाचे दोन दर्जे मानले जात: दरबारी कलम आणि बाजारी कलम. दरबारी संचात हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंपला, सोनेरी रंग अशी सामग्री आणि सूक्ष्म चित्रण. बाजारी संचात तोच खेळ, तेवढीच पाने, पण साधी सामग्री, मोजके रंग आणि चार झटक्यांत उमटलेली आकृती. बाजारी पानावरचा राजा कधीकधी दोन ठिपके आणि एका मुकुटावर उभा असतो, तरी तो ओळखू येतोच.

११/
बाजारी कलमाला हलक्या हाताचे काम समजणे चूक ठरेल. किती रेषा काढल्या म्हणजे मासा मासाच दिसेल, आणि त्याहून एकही रेषा जास्त काढायची नाही, हा निर्णय कौशल्याचाच भाग होता. ग्राहकाला परवडेल अशी किंमत ठरली की त्या किमतीत बसणारा वेळ ठरे, आणि त्या वेळात बसणारी रेषा ठरे. चितार्‍याचा खरा हिशेब हाच होता. दरबारी संच कधीतरी मागितला जाई. रोजच्या भाकरीची सोय बाजारी संच आणि पाट-चौरंगांवर होती.

१२/
एकोणिसाव्या शतकात ग्राहकवर्गात मोठी भर पडली. १८३८ साली सावंतवाडीचा कारभार ब्रिटिशांनी आपल्या हाती घेतला. इंग्रज अधिकारी संस्थानात राहू लागले. वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरून बेळगावच्या छावणीकडे जाणारी मंडळीही या बाजूने जात. या लोकांना पाट नको होता, गंजिफा खेळता येत नव्हती. पण घरी परतताना न्यायला, दिवाणखान्यात मांडायला, आप्तांना दाखवायला काहीतरी हवे होते. ‘पर्यटक’ हा शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधी पर्यटकाची गरज चितार आळीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

१३/
याचा लेखी पुरावा ‘इंपीरियल गॅझेटियर ऑफ इंडिया’तील सावंतवाडीच्या नोंदीत मिळतो. तेथील प्रमुख उद्योगांची यादी थोडक्यात अशी: कातड्यावर व कापडावर सोन्याचांदीचे भरतकाम, वाळ्याचे पंखे, टोपल्या व पेट्या, त्यांवर सोनेरी तार आणि भुंग्यांचे चमकदार पंख, लाखेची खेळणी आणि खेळायची पाने, आणि म्हशीच्या व गव्याच्या शिंगांतून कोरलेल्या दिवाणखान्यातील शोभेच्या वस्तू.

१४/
ही यादी बारकाईने वाचली तर तिच्यात दोन प्रकारचे ग्राहक दिसतात. वाळ्याचा पंखा कोकणातल्या उन्हाळ्यात घरोघरी उपयोगी. त्यावर भुंग्याचे हिरवे पंख आणि सोनेरी तार जडली की तो साहेबाच्या भिंतीवर जाण्यास पात्र होई. शिंगाच्या वस्तूंविषयी तर नोंदच सांगते की त्या दिवाणखान्यासाठी होत्या, आणि असा दिवाणखाना त्या काळी संस्थानातील सामान्य घरात नव्हता. लाखेची खेळणी मात्र दोन्हीकडे खपण्यासारखी होती. मुलाला ती खेळायला, साहेबाला ती मांडायला.

१५/
याच काळात गंजिफावर संकट आले, आणि ते यंत्रातून आले. १८३१ साली लंडनच्या टॉमस डी ला रू याने पत्ते रंगीत छापण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. पुढच्या दशकांत ब्रिटन, बेल्जियम आदी देशांतील छापखाने पत्त्यांचे ढीग ओतू लागले आणि आगबोटींनी ते भारताच्या बंदरांत आणले. ५२ पाने, पातळ, चौकोनी, पिसायला सोपी, आणि हाती रंगवलेल्या संचापुढे अत्यंत स्वस्त. चितार्‍याच्या कुंचल्याला या वेगाशी स्पर्धा करता येणे शक्यच नव्हते.

१६/
केवळ स्वस्ताईने खेळ बदलला असे मात्र म्हणता येत नाही. नव्या पत्त्यांबरोबर नवे खेळ आले. कचेरीतील कारकून, शाळेतील मास्तर, रेल्वेचे नोकर, छावणीतील शिपाई यांना एकमेकांशी खेळता येईल असा सर्वत्र सारखा संच हवा होता. गंजिफाचे नियम घराघरांत शिकले जात. बदली होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या माणसाला जोडीदार मिळेच असे नाही. खेळ ही भाषेसारखी गोष्ट आहे. बोलणारे विरळ झाले की शब्दकोश उरला तरी संभाषण थांबते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत गंजिफा जवळजवळ नाहीशी झाली.

१७/
मग चितारी कशावर जगले? उत्तर गावाच्या पंचांगात आहे. लग्नसराईत रंगीत पाट व चौरंग. बाळंतपणानंतर पाळणा आणि त्यावर टांगायचे खेळणे. मूल उभे राहू लागले की पांगूळगाडा. जत्रेत भोवरे, बैलगाड्या, बाहुल्या. मुलींच्या भातुकलीसाठी चूल, जाते, पोळपाट-लाटणे. गणपतीच्या दिवसांत आरास. स्थानिक ग्राहक दर वर्षी त्याच सुमारास परत येई, कारण त्याच्या घरात लग्ने होत होती आणि मुले जन्मत होती. दरबार गेला तरी पंचांग बंद पडले नाही.

१८/
या खेळण्यांसाठी आवडते लाकूड पांगाऱ्याचे. कुंपणाला लावला जाणारा, लाल फुलांचा, काटेरी असा हा वृक्ष कोकणात ओळखीचा आहे. इमारतीला त्याचा उपयोग नाही. लाकूड मऊ आणि हलके. नेमके हेच गुण खेळण्याला हवेत. पटाशी सहज चालते आणि मुलाच्या पायावर पडले तरी इजा होत नाही. मात्र लाकूड पुरते वाळावे लागते. ओले लाकूड घाईने कापले तर रंगवलेले फळ पुढच्या उन्हाळ्यात तडकते, आणि तडकलेल्या फळाबरोबर दुकानाचे नावही जाते.

१९/
लाकडी फळ घडवण्याची रीत ऐकायला सोपी आहे. तुकडा कापून पटाशीने वा कातावर आकार द्यायचा, घासायचा, भेगा-छिद्रे लाकडाचा भुसा व सरस यांच्या लगद्याने बुजवायची, खडूचे अस्तर द्यायचे, पुन्हा घासायचे, मग रंग. कस लागतो तो शेवटच्या टप्प्यात. आंबा एकाच पिवळ्या रंगाचा काढला तर तो चेंडू वाटतो. देठाजवळची हिरवी छटा, गालावरची लाली, सालीवरचे बारीक ठिपके उमटले की तो आंबा होतो. कोकणातल्या ग्राहकाला आंबा शिकवावा लागत नाही, त्यामुळे तो चुकवूनही चालत नाही.

२०/
या फळांनी दोन ग्राहकांमधला पूल बांधला. मुलांसाठी ती भातुकलीतली भाजी. घरच्यांसाठी आरासीतील सजावट. आणि बाहेरगावच्या पाहुण्यासाठी, कोकणातून नेता येणारा पण वाटेत न नासणारा आंबा. त्याला समजून घ्यायला नियम लागत नाहीत, भाषा लागत नाही. तो हलका आहे, पिशवीत मावतो, फुटत नाही आणि प्रवासाच्या शेवटी खिशात उरलेल्या पैशांत बसतो. गंजिफाला यांपैकी पहिलीच अट पुरी करता येत नव्हती: ती समजण्यासाठी आधी खेळावी लागे.

२१/
१९४८ साली सावंतवाडी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९७१ साली २६व्या घटनादुरुस्तीने माजी संस्थानिकांचे तनखेही रद्द झाले. दरबार हा ग्राहक म्हणून आधीच क्षीण झाला होता. आता तो कागदोपत्रीही संपला. साधारण याच सुमारास, म्हणजे १९७० च्या दशकाच्या आरंभी, गंजिफाच्या कथेला वळण मिळाले. विशेष हे की ते वळण राजवाड्यातूनच मिळाले. फक्त राजवाड्याची भूमिका बदलली होती.

२२/
शेवटचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफा पुन्हा उभी करण्याचे ठरवले. तोपर्यंत ही विद्या जाणणारे हात बोटांवर मोजण्याइतकेही उरले नव्हते. एका वृद्ध चितार्‍याकडून उभयतांनी ती समजून घेतली. सत्त्वशीलादेवींनी स्वतः कुंचला हाती घेतला. राजवाड्यातच कार्यशाळा सुरू झाली आणि ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ या नावाने तेथील वस्तू विकल्या जाऊ लागल्या. ज्या घराण्याने अठराव्या शतकात चितार्‍यांकडून पाने मागवली, त्याच घराण्याने विसाव्या शतकात पाने रंगवून ग्राहकाची वाट पाहिली.

२३/
ग्राहक कोण होता? खेळाडू नव्हे. संग्राहक, संग्रहालये, कलाप्रेमी आणि प्रवासी. मुंबईत दीर्घकाळ राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी भारतीय गंजिफाचा मोठा संग्रह केला होता. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने गंजिफावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. जगात अशा पानांविषयी कुतूहल निर्माण होत असतानाच सावंतवाडीत ती पुन्हा घडू लागली होती. जे पान हातात धरून टाकण्यासाठी होते, ते आता काचेमागे ठेवण्यासाठी घेतले जाऊ लागले.

२४/
या बदलाची किंमत होती, आणि ती मोकळेपणाने मांडली पाहिजे. खेळणाऱ्याला पाठ एकसारखी हवी असते, पान हाताळायला टिकाऊ हवे असते, आकृती दुरून झटकन ओळखू यावी लागते. पाहणाऱ्याला चेहरा सुबक हवा असतो, रंग उठावदार हवा असतो. म्हणून बाजारी कलमाचा तो मितभाषी मासा मागे पडला आणि दरबारी कलमाच्या बाजूने पारडे झुकले. गंजिफाच्या आकृती पेट्यांवर, तबकांवर, फर्निचरवर उतरल्या. चित्र वाचले. पण दिवसा राम आणि रात्री कृष्ण का, हे सांगणारी माणसे त्याबरोबर आपोआप वाचली नाहीत.

२५/
इतर प्रांतांशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. ओडिशात गंजिफाला ‘गंजपा’ म्हणतात. पुरीजवळच्या रघुराजपूरचे पटचित्रकार ती रंगवतात आणि तेथे हा खेळ जाणणारी वृद्ध मंडळी अधिक काळ टिकली. बंगालमधील बिष्णुपूरची दशावतारी पाने मुख्यतः कलावस्तू म्हणून घेतली जातात. म्हैसूरला वडियार राजांच्या आश्रयाने गंजिफाचे अनेक प्रकार रचले गेले. सर्वत्र एकच गोष्ट दिसते: पान घडवण्याची विद्या ग्राहक बदलून टिकवता येते, खेळ टिकवायला मात्र खेळणारेच लागतात.

२६/
दरम्यान चितार आळीकडे येणारी वाट रुंदावत गेली. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि पुढे तेथील पर्यटन वाढले. १९८१ साली सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुंबईची माणसे एका रात्रीत सावंतवाडीला उतरू लागली. मालवणला किंवा गोव्याला जाणारे कुटुंब मोती तलावाकाठी थांबे, राजवाडा पाही आणि आळीतून फळांची टोपली घेई. त्यांच्यात मुंबईला स्थायिक झालेले चाकरमानीही असत. गावाकडून नेण्याच्या वस्तूंत आमसुले, काजू यांच्याबरोबर लाकडी आंबाही गेला.

२७/
परंतु त्याच वाटेने प्लास्टिकही आले. साच्यातून निघालेले, दिव्यांनी चमकणारे, आवाज करणारे आणि स्वस्त खेळणे जत्रेत पोहोचले. डी ला रूच्या पत्त्यांनी गंजिफाचे जे केले, तेच प्लास्टिक भोवर्‍याचे व बैलगाडीचे करू लागले. फरक एवढाच की या वेळी धक्का स्थानिक ग्राहकाच्या बाजूने बसला. जत्रेत मुलासाठी खेळणे घेणारा बाप प्लास्टिककडे वळला. लाकडी खेळणे घेणारा उरला तो अधिकतर बाहेरचा पाहुणा. पंचांगावर चालणारा धंदा हळूहळू सुट्ट्यांच्या हंगामावर चालू लागला.

२८/
शासकीय नियमही कारागिराच्या दारात येतात. २०२० साली केंद्र सरकारने खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. १ जानेवारी २०२१ पासून प्रमाणित खेळणीच विकण्याचे बंधन आले. प्रयोगशाळा, चाचण्या आणि परवाना यांचा खर्च मोठ्या कारखान्याला पेलतो, दोन माणसांच्या कार्यशाळेला पेलत नाही. म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात दुरुस्ती होऊन हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंना सूट देण्यात आली. ही सूट नसती, तर आळीतील पुष्कळ वस्तू एका आदेशाने बेकायदा ठरल्या असत्या.

२९/
सावंतवाडीच्या गंजिफाला आता भौगोलिक मानांकन लाभले आहे. नावाचे संरक्षण झाले. परंतु नावामागच्या हातांना आणखी दोन गोष्टी लागतात. पहिली, लाकूड: कुंपणे तारेची आणि सिमेंटची झाली तशी पांगाऱ्याची झाडे कमी झाली. दुसरी, शिकणारा: पटाशी हातात बसायला वर्षे लागतात आणि त्या वर्षांत मिळकत तुटपुंजी असते. येथे साध्या वस्तूचे मोल कळते. नवशिक्याला थेट नृसिंहाचा राजा रंगवायला देता येत नाही. तो आधी वांगे रंगवतो, मग आंबा. वांगे विकले गेले तरच तो आंब्यापर्यंत आणि पुढे पानापर्यंत पोहोचतो.

३०/
आज सावंतवाडीच्या राजवाड्यात गेलेल्या पाहुण्याला दरबाराच्या दालनात बसून पाने रंगवणारे स्त्री-पुरुष कलाकार दिसतात. हा पाहुणा बहुधा प्रवासी असतो. खेळाचे नियम त्याला ठाऊक नसतात. तरी तो क्षणभर थांबतो, कारण कुंचला चालताना पाहायला मिळतो. तेथून थोड्याच अंतरावर चितार आळीत दुसरे कुणीतरी भातुकलीचा संच उलटून पाहत असते. दरबार, साहेब, गावकरी, चाकरमानी, संग्राहक, प्रवासी असे ग्राहक एकामागून एक येत गेले. प्रत्येकाने काही मागितले, काही नाकारले, आणि चितार्‍याने त्याप्रमाणे हात वळवला.

३१/
संग्रहालयांतील जुन्या गंजिफांच्या नोंदी पाहाव्यात. बहुतेक ठिकाणी गावाचे नाव असते, शतकाचा अंदाज असतो, पानांची संख्या असते. रंगवणाऱ्याचे नाव नसते. लाकडी फळाखालीही ते नसते. हा अन्याय मागे जाऊन दुरुस्त करता येणार नाही. पुढच्या वेळी टोपलीतला आंबा हातात घेताना तो कुणी रंगवला हे विचारणे मात्र शक्य आहे. आळीत त्याचे उत्तर बहुधा दुकानातच बसलेले असते. आणि जमल्यास राजवाड्यातील एखादा संच घेऊन तीन मित्रांनी तो खेळून पाहावा. प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने. दिवस असेल तर आरंभ रामाच्या राजाकडे.